डच शाळा की इंटरनॅशनल, आणि घरात बोलायचं कुठल्या भाषेत?

पत्राचा सारांश: फोंडा तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. माहेर सावंतवाडीकडचं, त्यामुळे त्या मुलांशी मराठीत बोलतात. सासर माशेलजवळ, नवरा आणि सासूबाई कोकणीत बोलतात. मुलगी सात वर्षांची, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत. मुलगा साडेचार वर्षांचा. नवऱ्याचं शिक्षण चौथीपर्यंत गावच्या मराठी सरकारी शाळेत झालं, पुढे ते इंजिनियर झाले. आता कंपनी त्यांना तीन वर्षांसाठी नेदरलँड्सला पाठवते आहे आणि अ‍ॅम्स्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅम्स्टलवीनमध्ये घर बघणं चालू आहे. नवऱ्याचा आग्रह इंटरनॅशनल स्कूलचा. कंपनी फीचा काही भाग देणार, पण दोन मुलांच्या खासगी शाळेला तो पुरणार नाही, उरलेल्यासाठी कर्ज काढावं लागेल. तिथे राहणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी मुलांना सरळ डच शाळेत घाला असं सुचवलं, तर इथले नातेवाईक विचारतात, डच शिकून करायचं काय? सासूबाईंसाठी आणि मुलांच्या शाळेसाठी आपणच मुलांना घेऊन गोव्यात राहावं का, असाही विचार त्यांच्या मनात आहे. धाकटा दीर फोंड्यातच असतो. धाकटा मुलगा सगळ्या भाषा एकत्र करून बोलतो, म्हणून दुबईच्या नणंदेच्या सल्ल्याने गेला महिनाभर घरात फक्त इंग्रजी चालू आहे. सासूबाईंना इंग्रजी येत नाही.

ताई, शाळांबद्दल तुम्ही तीन पानं लिहिलीत आणि घरातल्या इंग्रजीबद्दल चार ओळी. मी सुरुवात त्या चार ओळींपासून करते. शाळा ठरवायला तुमच्याकडे थोडे आठवडे आहेत. घरातली भाषा आज रात्रीच्या जेवणापासून बदलता येईल, आणि ती बदलाच.

तुमच्याच पत्रातला प्रसंग घ्या. मुलगी शाळेतून येते, आजी पायरीवर बसलेली असते. पूर्वी आल्याबरोबर वर्गात कोण कोणाशी भांडलं ते आजीला सांगायची. आता "टुडे वॉज गुड" म्हणते, आजी "बरें" म्हणते, आणि संपलं. तुम्ही लिहिलंत की सासूबाई हल्ली गप्प गप्प असतात. मुलीला रोज दुपारी मिळणारी अर्ध्या तासाची गोष्ट यात बंद झाली. पोर सांगायचं, आजी मधेच "आनी मागीर?" विचारायची, मग पोर आठवून, जुळवून, कारण देऊन पुढचं सांगायचं. मूल भाषा शिकतं ते नेमकं अशा वेळी. परदेशातली शाळा तिच्याकडून मागणार आहे तेही हेच: घडलेलं क्रमाने सांगणं, कारण देणं, समोरच्याला पटवणं.

तुम्ही स्वतः इंग्रजीत मुलांशी काय काय बोलता, ते दोन दिवस नुसतं ऐकून बघा. कम, ईट, फिनिश, डोन्ट टच, ब्रश युअर टीथ. आपल्यापैकी बहुतेकांची घरातली इंग्रजी सूचना देण्यापुरती असते. मराठीत तुम्ही रागावता, समजूत काढता, चिडवता, फणस पिकला हे वासावरून कसं ओळखायचं ते सांगता. मुलांकडून ते सगळं काढून घेऊन त्यांना हुकमांची भाषा दिली, तर त्यांची इंग्रजी सुधारायची नाही आणि विचार करायला लागणारी भाषा तेवढी कमी होईल.

यामागे अभ्यास आहे. कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून एक गोष्ट सातत्याने मांडली. बाहेरून आलेली मुलं खेळण्याबोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत उचलतात. वर्गातल्या अभ्यासाची भाषा, म्हणजे धडा वाचून समजणं, गणितातलं शाब्दिक उदाहरण सोडवणं, कारणं लिहिणं, यात बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि पहिल्या भाषेत आलेली समज दुसऱ्या भाषेत वाया जात नाही, ती सोबत येते. अपूर्णांक म्हणजे काय हे मराठीत कळलेल्या मुलाला इंग्रजीत फक्त शब्द शिकावे लागतात, कल्पना परत शिकावी लागत नाही.

याचा पुरावा तुमच्या घरात आहे. तुमच्या यजमानांनी पाढे, वजाबाकी, भागाकार हे सगळं माशेलला मराठीत केलं. आपल्याकडे प्राथमिक शाळा चौथीपर्यंत आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी, अशीच घडी कित्येक वर्षं आहे. गोवा मुक्त झाल्यानंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. तिथे घरी कोकणी, शाळेत मराठी आणि पाचवीत एकदम इंग्रजी अशा दोन उड्या मारून आलेली माणसं आज गोव्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, मुख्याध्यापक आहेत. पाचवीचं पहिलं वर्ष त्यांना जड गेलं, हे खरं. पण त्यांची गाडी अडली नाही. यजमानांना एकदा शांतपणे विचारा, पाचवीत तुम्हाला कोणी सांभाळून घेतलं, घरी अभ्यास कुठल्या भाषेत समजावून घेत होता? शाळांची माहितीपत्रकं वाचण्याआधी तुम्ही दोघांनी हे बोलून घेतलेलं मला आवडेल.

आपल्या गोव्यात माध्यमाचा वाद १९९० पासून धुमसतो आहे. त्या वेळी अनुदान फक्त कोकणी-मराठी प्राथमिक शाळांना द्यायचं ठरलं, आणि २०११ मध्ये इंग्रजी शाळांनाही द्यायच्या निर्णयावरून तो नव्याने पेटला. त्यात कोणाचं बरोबर, हा आजचा विषय नाही. पण इतक्या वर्षांच्या भांडणाने पालकांच्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे, की एक भाषा घेतली तर दुसरी सोडावीच लागते. नणंदबाईंचा सल्लाही तिथूनच येतो. त्या तुमचं भलंच चिंततात, यात शंका नाही. पण या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका.

आता धाकट्याबद्दल. तुम्ही त्याचं एक वाक्य उतरवून पाठवलंत: "आई, म्हाका थोडं पाणी दी, मग हांव ड्रॉइंग फिनिश करतां." तुम्हाला यात गोंधळ दिसला. मला साडेचार वर्षांच्या मुलाची चोख कारागिरी दिसली. 'म्हाका' जिथे हवं तिथे आहे, 'हांव' जिथे हवं तिथे आहे, इंग्रजी क्रियापद घेऊन त्याला 'करतां' जोडताना पुरुष-वचन चुकलेलं नाही. आणि तुम्हीच पुढे लिहिलंय की आजीकडे तो "म्हाका उदक दी" असं सरळ कोकणीत मागतो. म्हणजे कोणाला कुठली भाषा समजते याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का आहे. तुम्हाला तिन्ही कळतात, म्हणून तुमच्याशी तो तिन्ही वापरतो. दोन-तीन भाषांच्या घरातली मुलं जगभर असंच करतात आणि वाढत्या वयाबरोबर आपोआप वेगळं करतात. त्याला अडवू नका, टोकू नका. तुम्ही फक्त आपल्या मराठीत पूर्ण वाक्याने उत्तर द्या: "हे घे पाणी, आणि मग चित्र पूर्ण कर."

मात्र कुठल्याही भाषेत त्याचं बोलणं आजीला किंवा बाहेरच्या माणसाला कळत नसेल, हाक मारल्यावर तो पुष्कळदा वळून बघत नसेल, किंवा वयाच्या मानाने साध्या सूचना कुठल्याच भाषेत समजत नसतील, तर जाण्याआधी कानांची तपासणी करून घ्या आणि गरज वाटली तर वाचा-उपचार करणाऱ्यांना दाखवा. त्यांना घरातल्या सगळ्या भाषा सांगा. एकट्या इंग्रजीत तपासणी झाली तर चित्र चुकीचं दिसतं. तुमच्या पत्रावरून मला असं काही वाटत नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या आईला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

शाळेकडे येते. 'इंटरनॅशनल' हा शब्द आपल्याकडे दर्जाचा शिक्का म्हणून वापरला जातो. पर्वरीपासून मडगावपर्यंत पाट्या बघा. पण या शाळांचा जन्म झाला तो एका साध्या गरजेतून. १९२४ मध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या आणि तिथल्या इतर आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नोकरीसाठी वेगवेगळ्या देशांतून माणसं आली, त्यांच्या मुलांसाठी तिथली आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. पुढे १९६८ मध्ये तिथेच इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, ही संस्था स्थापन झाली, म्हणजे मूल एका देशातून दुसऱ्या देशात गेलं तरी शिक्षणाचा धागा तुटू नये. प्राथमिक वर्गांसाठीचा तिचा अभ्यासक्रम १९९७ चा. ज्या कुटुंबाची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते त्याच्यासाठी ही सोय उत्तम आहे. प्रश्न एवढाच की तुमचं कुटुंब तसं आहे का.

त्या वर्गात घडतं काय, तेही समजून घ्या. आयबीच्या प्राथमिक वर्गात एखादा विषय, समजा पाणी, सहा आठवडे घेतात. त्यातच विज्ञान, भूगोल, गणित, चित्रकला येते. मुलं प्रश्न विचारतात, शोधतात, मांडतात. मला ही पद्धत मनापासून आवडते. पण आपल्यासारखं एक ठरलेलं पाठ्यपुस्तक, पाठांतर, दर आठवड्याला चाचणी असं तिथे नसतं. तीन वर्षांनी गोव्यात परतल्यावर तुमच्या मुलीला पाढे, हिंदी आणि पेपर लिहिण्याचा वेग या तीन ठिकाणी घाम गाळावा लागेल. त्याची थोडी तयारी घरी चालू ठेवली की काम भागतं. शिवाय अशा शाळेत मैत्रिणी दरवर्षी गाव सोडून जातात. संवेदनशील मुलांना ते लागतं.

नेदरलँड्समध्ये आणखी एक मधला पर्याय आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. तिथे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्राथमिक शाळा आहेत. शिकवणं इंग्रजीत, आठवड्यातून थोडं डच. फी साधारण पाच ते सात हजार युरो वर्षाला, खासगी इंटरनॅशनल शाळेची त्याच्या तिपटी-चौपटीने असते. प्रवेशाला अट आहे: मूल डच नागरिक नसेल तर आई किंवा वडील ठरावीक मुदतीसाठी तिथे कामाला आलेले असावे लागतात आणि तसं कंपनीचं पत्र लागतं. तुमचा तीन वर्षांचा करार यात बसण्यासारखा आहे. प्रतीक्षायादी मोठी असते, म्हणून व्हिसाची वाट न बघता आधीच अर्ज टाका. यजमानांना एवढंही विचारायला सांगा की अशा शाळेची फी करमुक्त भत्ता म्हणून कंपनीला देता येते का; तिथल्या नियमांत तशी तरतूद आहे.

आणि साधी डच शाळा. तिथे मुलं चौथ्या वर्षी शाळेत जातात, पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची. प्राथमिकचे आठ वर्ग, ग्रूप १ ते ग्रूप ८. पहिले दोन वर्ग खेळ, गाणी, गोष्टी, हातकाम. वाचन-लेखन खऱ्या अर्थाने ग्रूप ३ मध्ये, सहाव्या-सातव्या वर्षी सुरू होतं. फी नाही, पालकांकडून वर्षाला थोडी वर्गणी मागतात, तीही ऐच्छिक, आणि ती भरली नाही म्हणून मुलाला सहलीतून वगळता येत नाही, असा कायदा २०२१ पासून आहे. सरकारी शाळा आणि चर्चसारख्या संस्थांच्या शाळा, दोन्हींना सारखं सरकारी अनुदान मिळतं, १९१७ पासून. त्यामुळे फुकटची शाळा म्हणजे गरिबांची शाळा असं समीकरण तिथे नाही. डॉक्टरचं पोर आणि बसचालकाचं पोर एका बाकावर बसतं.

तुमच्या दोन मुलांसाठी मात्र ही शाळा सारखी नाही. धाकटा सरळ ग्रूप १-२ मध्ये जाईल. तिथे सगळेच वाळूत खेळत असतात, त्याला डच न येणं कोणाच्या लक्षातही येणार नाही. मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या वयाची तिथली मुलं वाचायला लागलेली असतील, आणि तिला बहुधा आधी नव्याने आलेल्या मुलांच्या खास वर्गात सुमारे वर्षभर बसवतील. तिथे सीरियाची, ब्राझीलची, तुर्कस्तानची मुलं असतात, वर्ग लहान असतो, दिवसभर डचचा सराव असतो. हे वर्ग चांगले असतात. पण ते वर्षभराचं काम आहे, त्यानंतर पुन्हा शाळा बदलायची.

पहिले काही महिने मूल वर्गात तोंडच उघडत नाही, हेही पुष्कळदा होतं. ते ऐकत असतं, साठवत असतं. माझ्याकडे आलेल्या एका घरातली मुलगी डिसेंबरपर्यंत शाळेत एक शब्द बोलली नव्हती; घरी मात्र बाहुल्यांना ओळीत बसवून त्यांना अस्सल डच सुरात दटावायची. आईने एकदा दाराआडून ऐकलं तेव्हा तिला कळलं. अशा काळात "बोलतेस का गं शाळेत?" असं रोज विचारू नका. डब्यात काय आवडलं, कोणाशेजारी बसलीस, एवढं मराठीत विचारा.

मग निवडायचं कसं? माझ्या मते सगळ्यात आधी तुम्ही दोघांनी एकमेकांना खरं उत्तर द्यायला हवं: आपण तीन वर्षांनी नक्की परतणार का? करारात काय लिहिलंय ते बाजूला ठेवा. तीन वर्षांसाठी गेलेली पुष्कळ कुटुंबं तिथे दहा वर्षं राहतात. आणि तिथे राहायचं तर वेळेला फार महत्त्व आहे, कारण ग्रूप ८ मध्ये, म्हणजे अकराव्या-बाराव्या वर्षी, शिक्षक आणि परीक्षा मिळून मुलाने पुढे कुठल्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जावं याची शिफारस करतात. विद्यापीठाकडे नेणारी वाट वेगळी, व्यवसाय शिक्षणाची वेगळी. पुढे बदल करता येतो, पण कष्टाने. मघाशी सांगितलेली पाच ते सात वर्षं आठवा. आत्ता डच शाळेत गेलेल्या मुलीच्या हातात त्या शिफारशीपर्यंत चारेक वर्षं आहेत. तीन वर्षं इंग्रजीत काढून मग 'राहू या इथेच' ठरलं, तर जेमतेम एक-दोन उरतील. म्हणून राहण्याची शक्यता निम्म्याहून जास्त वाटत असेल तर दोघांनाही पहिल्या दिवसापासून डच शाळेत घाला.

तुमचं पत्र वाचून मला तसं वाटत नाही. सासूबाई इथे आहेत, माशेलला घराचा वरचा मजला चढतो आहे, तुम्हाला स्वतःला परतायचं आहे. मुलगी दहाव्या वर्षी परत येईल ती पाचवीत, म्हणजे इथेही इंग्रजीतच. तेव्हा तुमच्यासाठी मी अनुदानित आंतरराष्ट्रीय शाळा पहिली ठेवीन, दोघांसाठी एकच मिळाली तर उत्तम. एकीलाच जागा मिळाली तर मुलीला तिथे घाला आणि धाकट्याला घराजवळच्या डच शाळेत, निर्धास्त. दोन शाळांच्या वेळा सांभाळताना तुमची ओढाताण होईल, बुधवारी तर पुष्कळ शाळा दुपारीच सुटतात. पण त्या मुलामुळे शेजारपाजारी ओळखी होतील, आणि सहा महिन्यांत दुकानात तोच तुमचा दुभाषी असेल. आणि कुठेच जागा नाही मिळाली, तर दोघांनाही डच शाळेत घाला आणि मनाला लावून घेऊ नका. मुलगी तीन वर्षांनी चौथी-पाचवी भाषा घेऊन परतेल. "डच शिकून करायचं काय" म्हणणाऱ्या नातेवाइकांना सांगा, ती त्या भाषेत खेळणार आहे, मैत्रिणी करणार आहे, भांडणार आहे. आणखी काय करायचं सात वर्षांच्या मुलीने?

कर्ज काढून खासगी इंटरनॅशनल शाळा मात्र नको. यजमानांना हे कटू वाटेल. पण परदेशातलं पहिलं वर्ष आधीच कठीण असतं. त्यात हप्त्याची धास्ती आणि फीच्या ओझ्याखाली प्रत्येक प्रगतिपुस्तकाकडे बघणं, याची झळ मुलांना लागते.

तुम्ही मागे राहण्याबद्दल. बोटीवर आणि आखातात गेलेल्या बापांची घरं गोव्याला नवी नाहीत. त्या घरांतल्या बायकांनी काय काय पेललंय ते आपण बघितलंय, आणि पुष्कळांना दुसरा मार्गही नव्हता. तुम्हाला तो आहे. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, वडिलांची कोकणी त्याच्या तोंडी आत्ता बसते आहे. धाकटे दीर फोंड्यातच असताना सासूबाईंची व्यवस्था बोलून ठरवता येईल, आणि तब्येत बरी असेल तर पर्यटक व्हिसावर त्या वर्षातून तीन महिने तुमच्याकडे राहू शकतील. नियम कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा आहे. मी तुमच्या जागी असते तर सगळे मिळून गेले असते.

आता तिथे गेल्यावर मराठी-कोकणी टिकवायची कशी, हे जरा सविस्तर सांगते, कारण हे काम कुठलीही शाळा करणार नाही. नेदरलँड्समध्ये स्थलांतरितांच्या मुलांना मातृभाषा शिकवण्याची सोय पूर्वी शाळेतच होती, ती २००४ मध्ये बंद झाली. म्हणजे जे करायचं ते घरात.

आज जशा भाषा वाटल्या गेल्यात तशाच राहू द्या. तुम्ही मराठी, वडील कोकणी. एका पालकाने एकच भाषा बोलायची, ही पद्धत फ्रेंच भाषातज्ज्ञ झ्यूल रोंझा यांनी १९१३ मध्ये आपल्या मुलाच्या नोंदींवरून मांडली. तुम्ही ती नकळत पाळताच आहात. तिचा जाच करून घेऊ नका, वडिलांनी कधी मराठीत गोष्ट वाचली तर काही बिघडत नाही. पण वडील संध्याकाळी सातला घरी येणार असतील तर मुलांच्या कानावर कोकणी फारच कमी पडेल. म्हणून आजी.

उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. इथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा मुलं नुकतीच शाळेतून आलेली असतात. रोज त्या वेळी आजीचा फोन. पण "बोल रे आजीशी" म्हणून मोबाईल तोंडासमोर धरला की मूल दोन शब्द बोलून पळतं. काहीतरी काम द्या. मुलीने आजीला विचारून खतखत्यात काय काय घालायचं त्याची यादी करायची. धाकट्याने आपलं चित्र दाखवून त्यातलं सगळं सांगायचं. चवथीच्या आदल्या दिवशी दिरांनी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट, बांधताना फोन तिकडे धरायचा आणि मुलांनी एकेक नाव ओळखायचं, कांगलां, कवंडळं, तोरिंगं.

चवथीवरून आठवलं. शाळा चालू असताना मुलांना पंधरा दिवस गोव्याला आणता येणार नाही. सुट्टीबाहेर मूल गैरहजर ठेवलं तर तिथली नगरपालिका चौकशी करते, दंडही होतो. धार्मिक सणासाठी आगाऊ कळवून एखाद्या दिवसाची रजा मिळते, तेवढ्यात माशेलला येऊन जाणं काही होत नाही. उन्हाळ्याची सहा आठवड्यांची सुट्टी जुलै-ऑगस्टच्या सुमारास असते आणि विभागानुसार तारखा बदलतात. मूळ घरातला गणपती चुकवायचा नसेल तर तारखा आधी बघा, कधी चवथ सुट्टीत बसेल, कधी नाही. हे घरच्या वडीलधाऱ्यांनाही आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे पुढे रुसवेफुगवे नकोत.

वाचायला-लिहायला मुलीला आत्तापासूनच देवनागरी पक्की करून द्या. एक लिपी आली की मराठी, कोकणी आणि परतल्यावर लागणारी हिंदी, तिन्हींचं दार उघडतं. रोज पंधरा मिनिटं, शनिवार-रविवार सुट्टी. बालभारतीची पहिलीपासूनची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात, 'किशोर' मासिकाचे जुने अंकही मिळतात. जाताना बॅगेत चार-पाच किलो पुस्तकांना जागा ठेवा, लोणच्याच्या बरण्या दोन कमी न्या. पंधरा मिनिटांतली पहिली दहा तुम्ही वाचायची आणि तिने ऐकायचं. शेवटची पाच तिची. शुद्धलेखनाच्या चुका मोजत बसू नका. तिने काकाला मराठीत चार ओळींचा निरोप लिहिला की पुरे. तिथे मराठी मंडळींचे कार्यक्रम होतात, त्यांना जा. आईबाबांखेरीज दुसऱ्या मुलांनाही ही भाषा येते हे मुलांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

दुसऱ्या देशांत जाणाऱ्या वाचकांनी हे सगळं जसंच्या तसं घेऊ नये. पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला कायमचं जाणाऱ्यांनी शाळेबद्दल फार डोकं खाजवू नये, तिथली सरकारी शाळाच बघावी. ज्यांची मातृभाषा पोर्तुगीज नाही त्यांच्यासाठी भाषेचा वेगळा विषय तिथे असतो. दुबई-अबूधाबीत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा भरपूर, त्यामुळे परतणाऱ्यांना शिक्षणाचा धागा जोडणं सोपं. अरबी शिकावी लागते, ती आनंदाने शिकू द्यावी. स्विंडनला किंवा इंग्लंडमध्ये इतरत्र गेलेल्यांनी घरच्या भाषेची काळजी सगळ्यात जास्त करावी. तिथे शाळा, शेजार, टीव्ही सगळीकडे इंग्रजी आणि आपल्याला ती येते, त्यामुळे घर कधी इंग्रजीत गेलं ते कळतच नाही.

ताई, या आठवड्यात करायच्या गोष्टी. परिसरातल्या अनुदानित आंतरराष्ट्रीय शाळांना मेल करा आणि प्रत्येकीला हेच विचारा: इंग्रजी कच्ची असलेल्या मुलाला मदत कोण करतं, आठवड्यातून किती तास, डच किती शिकवता, आणि मुलांच्या घरच्या भाषांबद्दल शाळेचं म्हणणं काय? शेवटच्या प्रश्नावर "घरी इंग्रजी बोला" असं उत्तर देणारी शाळा यादीत खाली टाका. मुलांच्या जन्मदाखल्यांवर, ते परदेशात मान्य व्हावेत म्हणून लागणारा अपोस्टिल शिक्का करून घ्या, लसीकरणाचं कार्ड आणि मुलीची प्रगतिपुस्तकं मूळ प्रतींसह हाताशी ठेवा. अ‍ॅम्स्टलवीनच्या नगरपालिकेला विचारून घ्या की सात वर्षांच्या नव्या मुलीला डच शाळेत आधी कुठल्या वर्गात बसवतात. आणि हे सगळं उद्या सकाळी. आज संध्याकाळी मुलीला बाजूला घेऊन सांगा की घरातला इंग्रजीचा नियम संपला, आणि वर्गात कोणाचं भांडण झालं ते आधी आजीला जाऊन सांग.